हार्डवेअरचा दुकानदार वीस वर्षं प्रीमियर: डब्ल्यू. ए. सी. बेनेटचा हिशेब खरा होता का?

वाटसरू_व्हँकुव्हर:
व्यापारी माणसाने सरकार कसं चालवावं, याचं बेनेटइतकं चांगलं उदाहरण कॅनडात मला दिसत नाही. केलोना गावात हार्डवेअरचं दुकान, 1941 मध्ये आमदार, मग 1952 ते 1972 ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री. अर्थखातं जवळपास सगळा काळ स्वतःकडे. उत्तरेकडे रेल्वे, सरकारी फेरी बोटी, पीस नदीवरचं धरण, सायमन फ्रेझर विद्यापीठ, सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं. आणि खासगी उद्योगाचे गोडवे गाणाऱ्या याच माणसाने 1961 मध्ये बीसी इलेक्ट्रिक ही वीज कंपनी सरकारजमा केली! कंपनी पीसची वीज घ्यायला तयार नव्हती, म्हणून.

मंदार_क:
तीच कंपनी ताब्यात घ्यायचं वचन 1960 च्या निवडणुकीत विरोधी सीसीएफ पक्षाने दिलं, तेव्हा बेनेट त्याविरुद्ध लढला होता, हेही सांगा. आणि हिशेबाचं म्हणाल तर 1959 मध्ये त्याने प्रांत कर्जमुक्त झाल्याचं जाहीर करून ओकानागन तळ्यात तराफ्यावर रोखे जाळले. कर्ज फिटलं नव्हतं. ते सरकारी महामंडळांच्या नावावर गेलं होतं, हमी सरकारचीच. दुकानाची उधारी भावाच्या वहीत मांडायची आणि आपली वही कोरी दाखवायची, तसं.

वाटसरू_व्हँकुव्हर:
पटत नाही. महामंडळांना वीजबिलांचं, तिकिटांचं उत्पन्न होतं. पोट भरायला काढलेलं कर्ज आणि कमावत्या मालमत्तेवरचं कर्ज वेगळंच लिहायला हवं. कोलंबिया नदीचा कॅनडा-अमेरिका करार बघा: प्रांताच्या वाट्याची वीज 30 वर्षांसाठी अमेरिकेला विकून सुमारे 25 कोटी 40 लाख डॉलर आगाऊ घेतले आणि ते धरणांना वापरले.

सुजाता:
त्याच धरणांनी ॲरो सरोवरांच्या काठचे सुमारे 2000 लोक उठवले. पीसच्या जलाशयात त्से के देने या आदिवासी लोकांची जमीन, कबरी, शिकारीच्या वाटा गेल्या. बीसी हायड्रो या सरकारी वीज कंपनीने माफी मागितली ती 2016 मध्ये. त्यांच्या गावात दिवे मात्र डिझेल जनरेटरवर लागत राहिले, धरणाची वीज तिथवर गेलीच नाही.

वाटसरू_व्हँकुव्हर:
हा अन्यायच, वाद नाही. पण तो त्या काळातल्या सगळ्याच सरकारांचा. व्यापाऱ्याचा म्हणून वेगळा नव्हे.

सुजाता:
वेगळा आहे. तिजोरी आणि निर्णय दोन्ही एकाच माणसाच्या हातात होते. कबरींची किंमत त्याने धरली नाही, आणि मंत्रिमंडळात ती धरायला लावेल असा दुसरा अर्थमंत्रीही नव्हता.