लेकीसाठी एअर रायफल, बजेट ३०० पौंड

प्रेषक: रश्मी (लेस्टर)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणात विषय निघाला होता, पण तेवढ्यात मला मोदक वाढायला उठावं लागलं, म्हणून इथे विचारते. आमची सई १३ वर्षांची. नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा माझ्या माहेरी, कोल्हापुरात, फटाके वाजत होते आणि हिने ते इथे व्हिडिओ कॉलवर पाहिले. तेव्हापासून नेमबाजीचा एकच धोशा. नेमबाजीच्या क्लबात आठ रविवार जाऊन आली, उत्साह अजून टिकून आहे. भरतनाट्यम चार रविवारांत आटोपलं होतं! नेटवर १६० पौंडांत रायफल, दुर्बीण, कव्हर, छर्रे असा सगळा सेट दिसतोय. घेऊ का?

---

प्रेषक: विलास (कॉव्हेंट्री)

रश्मी,

नको घेऊस. असलाच सेट मी घेतला होता. चकचकीत काळी, लांब, धाकट्याला तर सिनेमातलीच वाटली. ती स्प्रिंगची होती. स्प्रिंगच्या रायफलीत हवा दाबणारा पिस्टन सुटला की बंदूक आधी मागे ढकलते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका देते. हा दुहेरी हिसका स्वस्त दुर्बिणीला सोसत नाही. तिसऱ्या आठवड्यात दुर्बिणीतली नेमाची फुली तिरकी झाली, मग नेम कशाचा धरायचा? शिवाय दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे गोल रिंग, बस. म्हणजे सेटमधल्या निम्म्या वस्तू सईला नकोच आहेत.

माझं मत विचारशील तर जुनी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, बघ. २०१९ मध्ये मी फाइनवेर्कबाऊ ३००एस घेतली, ३५० पौंडांना. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली जर्मन रायफल, वयाने तुझ्याएवढी असेल. बाजूचा दांडा ओढायचा, छर्रा घालायचा. चाप ओढला की आतली अख्खी यंत्रणा रुळावरून मागे सरकते आणि धक्का तिथेच जिरतो. दस्त्याला लावलेल्या गालाला काही कळतच नाही. हवा भरायला सिलिंडर नाही, पंप नाही.

पाहायला जाशील तेव्हा पीप साइट सोबत आहे ना ते आधी विचार, ती वेगळी घ्यायची तर बजेटचं दिवाळं. दांडा हळू ओढून दात नीट अडकतायत का ऐक. मग टेकू देऊन दहा मीटरवरून एकाच कागदावर पाच छर्रे मारायला लाव. पाच भोकं मिळून एकच फाटकं भोक झालं तर नळी ठीक. छर्रे इकडेतिकडे गेले तर आतलं सील किंवा धक्का झेलणारा बफर कुजला असेल. दुरुस्त होतो, पण मग किंमत खाली आणायची.

कायद्याचं: इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडपर्यंतच्या (हे छर्ऱ्याच्या जोराचं माप) रायफलीला परवाना लागत नाही, पण विकत घ्यायला वय १८ हवं. म्हणजे मालक तू, सई नव्हे. १४ पुरी होईपर्यंत शेजारी २१ वर्षांवरचं माणूस हवं. एरवी कुलपात. आणि बागेत मारणार असाल तर छर्रा कुंपणापलीकडे गेला तरी गुन्हा.

---

प्रेषक: अनिरुद्ध (ग्लासगो)

आमच्याकडे हे लागू नाही बरं का. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून एअर रायफलीलाही पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. नाताळात सगळे आमच्याकडे येणार असाल तर रायफल घरीच ठेवा.

---

प्रेषक: मृणाल (रेडिंग)

विलासकाका, सगळं पटलं, एक सोडून. तुमची ३००एस जवळपास पाच किलोची आहे. मी कॉलेजात तेवढ्याच वजनाची धरायचे. विसाव्या शॉटनंतर कंबर पुढे काढून उभी राहायचे, आणि ती सवय मोडायला वर्ष गेलं. तेराव्या वर्षी मुलीच्या हातात ती देऊ नका. वायराउख कंपनीची एचडब्ल्यू ३०एस बघा. स्प्रिंगचीच, पण अडीच किलोच्या आसपास, ताकद बेताची म्हणून हिसकाही बेताचा, आणि चाप तर त्या किमतीत दुसरीकडे मिळणार नाही असा. किंवा जुनी एअर आर्म्स एस२००, ती भरलेल्या हवेवर चालते, म्हणजे हिसकाच नाही. फक्त पंपाचा खर्च धरा, नाहीतर क्लबचा सिलिंडर वापरता येतो का विचारा. हवेवरची जुनी मॅच रायफल कोणी दाखवली तर सिलिंडरवरची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायचा तर स्वस्त रायफल स्वस्त राहत नाही.

नळीचं भोक .१७७ इंचाचंच, म्हणजे ४.५ मिमी. दुकानदार .२२ गळ्यात मारायला बघेल. छर्रे चपट्या डोक्याचे, कागदाला नीट गोल भोक पाडणारे. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे फाटलेल्या कडेवरून वाद होतात.

जाता जाता: कुसाळेचं ब्राँझ एअर रायफलचं नव्हे, ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून), .२२ च्या काडतुसांचं. सईला भिंतीवर फोटो लावायचा तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील घ्या, २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता.

---

प्रेषक: रश्मी (लेस्टर)

फोटो कुसाळेचाच राहणार, आजोळ कोल्हापूर आहे! बाकी सगळं ऐकलं. क्लबात विचारलं, त्यांच्याकडे एक एचडब्ल्यू ३०एस उसनी मिळतेय दिवाळीपर्यंत. तोवर पैसे छर्ऱ्यांवर घालते.

विलासकाका, तुमची ३००एस एकदा दाखवायला आणाल का येत्या रविवारी? सईला नाही, मला मारून बघायची आहे. थालीपीठ करून आणते.

---

प्रेषक: विलास (कॉव्हेंट्री)

आणतो. लोणी विसरू नकोस.