एमजीबीला ऑइल फिल्टर ओरिजिनल घ्यावा की बाहेरचा?

लेस्टरचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी. मूळचा सांगली जिल्ह्यातला, सध्या मुक्काम लेस्टर. गेल्या उन्हाळ्यात १९७३ ची एमजीबी जीटी (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, १७९८ सीसी, बायको म्हणते दोन माणसांची गाडी आणि चार माणसांचा खर्च, ते असो. प्रश्न फिल्टरचा आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा काही सेकंद हलतच नाही, तोवर खालून खडखड आवाज येतो, मग एकदम काटा ६० पीएसआयवर जातो आणि गाडी लोण्यासारखी चालते. गरम झाल्यावर आयडलला २० च्या आसपास. आत्ता जो फिल्टर आहे तो आधीच्या मालकाने लावलेला, काळा रंग मारलाय, नाव-गाव काही नाही. स्क्रू होणारा डबा आहे, आणि डबा वर, तोंड खाली असा उलटा बसतो.

आता नवीन घ्यायचा तर तीन पर्याय दिसतायत. एक म्हणजे युनिपार्टच्या जुन्या खोक्यातला, ब्रिटिश लेलँडच्या (तेव्हाची एमजीची मालक कंपनी) जमान्यातला, विकणारा म्हणतो "हाच खरा ओरिजिनल", दुप्पट किंमत. दुसरा मान किंवा माहलेसारख्या कंपनीचा आजचा. तिसरा एकदम स्वस्तातला, दोन घेतले तर तिसरा फुकट टाइप. कुठला घेऊ?

आणि अजून एक, हसू नका, दिवाळीला गावी जाणार आहे. अ‍ॅम्बॅसडरचं आणि एमजीबीचं इंजिन एकाच घरातलं असं ऐकलंय, तर तिकडून अ‍ॅम्बॅसडरचे फिल्टर बॅगेत भरून आणले तर चालतील का?

तेलकट_हात
पाव्हणं, पहिल्यांदा तो "ओरिजिनल" शब्द डोक्यातून काढा. एमजीने फिल्टर कधी स्वतः बनवलाच नव्हता. सुरुवातीच्या एमजीबीला डब्यात घालायचं वेगळं एलिमेंट, म्हणजे गाळायचा गाभा, यायचं आणि ते अख्खं युनिट टेकालेमिट किंवा प्युरोलेटरचं असायचं, वर्कशॉप मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय. म्हणजे फॅक्टरीतून बाहेर पडतानासुद्धा गाडीवर बाहेरच्याच कंपनीचा माल होता. एमजीची अ‍ॅबिंग्डनची फॅक्टरी १९८० ला बंद झाली, आता ओरिजिनल म्हणजे फक्त खोका.

त्यात तो जुना स्टॉक तर अजिबात घेऊ नका. फिल्टरच्या आत रबर असतं, कागद असतो, कागदाला धरून ठेवणारा गोंद असतो. चाळीस वर्षं कुणाच्या तरी शेडमध्ये पडलेला रबर कडक होतो, आणि तुमच्या गाडीत नेमकं रबरच महत्त्वाचं आहे. शोकेसमध्ये ठेवायला घ्या हवं तर.

तुमची सकाळची खडखड कशामुळे ते बघा. डबा उलटा आहे म्हणजे इंजिन बंद झालं की आतलं ऑइल आपल्या वजनाने खाली उतरायला बघतं. ते अडवायला आत एक रबरी पडदा असतो, अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. तो कडक झाला किंवा मुळात टुकार असला की रात्रभरात फिल्टर रिकामा, सकाळी पंपाला आधी अख्खा डबा भरावा लागतो आणि मगच ऑइल बेअरिंगला पोचतं, तोवर मेन आणि बिग एंड (क्रँकशाफ्टची बेअरिंगं) कोरडे फिरतायत. ज्या गाड्यांत फिल्टर तोंड वर करून लटकतो तिथे हा पडदा टुकार असला तरी फारसं कळत नाही, तुमच्यात लगेच कळतं. म्हणून फिल्टर निवडताना ब्रँडच्या आधी हे बघा की व्हॉल्व्ह आहे का आणि रबर कुठलं. सिलिकॉनचं असेल तर उत्तम, गरमीत लवकर कडक होत नाही. साधं नायट्राइल असेल तरी चालेल, फक्त फिल्टर वेळेवर बदला.

सांगली_गॅरेज
अहो पाव्हणं, हसतंय कोण. इंजिनाचं नातं खरंच हाय की. बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सिरीज, तुमच्यात १७९८ सीसी, आमच्या अ‍ॅम्बॅसडरला १४८९ सीसी. उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सनं त्याच्यावर कितीतरी वर्षं गाड्या काढल्या आणि २०१४ ला कारखाना बंद केला. वडलांच्या गॅरेजात तसल्या गाड्या रांगेनं उभ्या असायच्या.

पण नातं असलं म्हणून चुलत्याचा जोडा पुतण्याला बसतोच असं नाही. आमच्याकडं डबा खोलून आतलं एलिमेंट बदलायची रीत, तुमचा अख्खा डबाच फिरकीचा. तुमच्याकडं ते एलिमेंट ठेवायला जागाच नाही. आणि समजा फिरकीचा डबा मिळाला आणि आटे जुळले तरी तेवढ्यावर जाऊ नका. आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नसतंय. रबराच्या रिंगचा व्यास इंजिनावरच्या फिल्टर हेडच्या जागेला बरोबर बसला पायजे, नायतर हायवेला प्रेशर वाढलं की रिंग बाजूनं बाहेर येती आणि सगळं ऑइल रस्त्यावर. बॅगेत फिल्टर आणण्यापेक्षा भडंग आणा.

आणि कुणी जुन्या डब्याची एमजीबी चालवत असल तर त्यांच्यासाठी: एलिमेंट बदलताना हेडच्या खाचेतली जुनी रिंग टाचणीनं उकरून काढा. ती इतकी चपटी होऊन बसती की दिसतच नाही, लोक तिच्यावरच नवी बसवतात आणि मग म्हणतात फिल्टर खराब. फिरकीच्या डब्यातसुद्धा जुनी रिंग हेडला चिकटून राहती कधीकधी, बोट फिरवून बघायचं.

कॉव्हेंट्रीचा_काका
मी थोडा वेगळं बोलतो, तेलकट यांनी रागावू नये. नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा हे मान्य, पण लोक फिल्टरवर जेवढा कीस काढतात त्याच्या निम्मा जरी ऑइलवर काढला तर इंजिनं जास्त टिकतील. माझ्याकडे १९६७ ची रोडस्टर (उघड्या छताची एमजीबी) आहे, एलिमेंटवाली, आणि मी मध्यम किमतीचंच एलिमेंट घालतो, पण दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो, गाडी कितीही कमी चालली असली तरी. आपल्या या गाड्या रविवारी पबपर्यंत जातात आणि परत येतात, इंजिन नीट तापतच नाही, आत पाणी आणि अ‍ॅसिड साठत राहतं, ते कुठलाही फिल्टर काढू शकत नाही. ऑइल २०डब्ल्यू-५०, म्हणजे जाड ग्रेडचं, आणि झिंक असलेलं, कारण यांचे टॅपेट जुन्या पद्धतीचे आहेत, कॅमवर घासत चालतात. आधुनिक गाडीचं पातळ ऑइल घालून वर भारी फिल्टर लावणारे महाभाग इथे इंग्लंडमध्ये खूप भेटतात.

तेलकट_हात
काका, रागावतोय कशाला, ऑइलचं शंभर टक्के बरोबर. पण तुमची १९६७ ची आहे, तुमचा डबा खाली लटकतो, म्हणून तुम्हाला मध्यम माल चालून जातो. पाव्हण्यांच्या १९७३ च्या उलट्या डब्याला तोच नियम लावता येत नाही. इंजिन एकच आहे पण फिल्टरचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याच्यावर उत्तर बदलतं.

दुसरं म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. थंडीत २०डब्ल्यू-५० काकवीसारखं जाड असतं, कागदातून लवकर जात नाही, मग प्रेशरचा फरक एका मर्यादेपलीकडे गेला की बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगला जातं. कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं बरं, म्हणून ही सोय. पण स्वस्तातल्या फिल्टरमध्ये त्याची स्प्रिंग इतकी मऊ असते की बायपास ऊठसूट उघडा, म्हणजे फिल्टर लावलाय पण गाळत काहीच नाही. मान, माहले यांच्या कॅटलॉगमध्ये आट्यांचं माप, रिंगचा व्यास, बायपास किती प्रेशरला उघडतो, ड्रेनबॅक व्हॉल्व्ह आहे की नाही, सगळं छापलेलं असतं. तीन नंबरच्या खोक्यावर फक्त गाडीची यादी असते. जो माप सांगायला तयार नाही त्याचा माल मी घेत नाही.

लेस्टरचा_पाव्हणा
एवढं डिटेलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे दोन नंबर फायनल. भडंग आणतोच. पण शंका अशी की खडखड फिल्टरचीच कशावरून? पंप गेला असेल तर? आणि उलटा फिल्टर लावायच्या आधी ऑइलने भरायचा कसा, सगळं सांडेल की.

सांगली_गॅरेज
भरायचाच नाही. रिंगला बोटानं ऑइल लावा, हातानं घट्ट करा, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. मग कॉइलची पांढरी वायर काढा आणि स्टार्टर थोडा थोडा मारा, सलग नको, स्टार्टर गरम होतो. काटा उचलला की वायर लावून चालू करा. पहिल्या मिनिटाला खाली वाकून गळती बघा, बंद केल्यावर डिपस्टिक बघून वरून ऑइल घाला.

कॉव्हेंट्रीचा_काका
पंपाची शंका आत्ताच नको. चालू झाल्यावर ६० आणि गरम आयडलला २० म्हणजे हँडबुकप्रमाणेच आहे, तिथे चालताना ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ दिलंय. पंप किंवा बेअरिंग गेलं असतं तर गरम झाल्यावर काटा खाली बसला असता. तुमचं दुखणं फक्त रात्रभर उभी राहिल्यावरचं आहे, म्हणजे संशयित फिल्टरच. नवीन लावून आठवडाभर बघा. तरी उशीर होत असेल तर इंजिनच्या डाव्या बाजूला मागे घुमटासारखा नट आहे, त्याच्यात प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असते, ती काढून साफ करा, कधी कचरा अडकून व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. त्यानेही नाही भागलं तर डबा खाली लटकवायचं अ‍ॅडाप्टर मिळतं, काही लोक तेच लावून मोकळे होतात. दिसायला ओरिजिनल राहत नाही एवढंच, पण जीटीचं बॉनेट उघडून कोण बघतंय.

तेलकट_हात
बघतात हो काका, शोला गेलात की सगळे आधी बॉनेटच उघडायला लावतात. पाव्हणं, जुना काळा डबा फेकू नका. ऑइल निथळू द्या, कटरने कापा, करवत नको, करवतीचा कीस आत पडून उगाच घाबराल. कागद पिळून बघा धातूची चमक आहे का, आणि तो रबरी पडदा वाकवून बघा. नखाने दाबल्यावर प्लास्टिकसारखा कडक लागला तर फोटो इथे टाका.