व्हिसाचा फोटो: कोणत्या देशासाठी काढला, कसा काढला, कुठे अडला? अनुभव लिहा

आई-बाबांच्या अमेरिकावारीची तयारी करताना असे लक्षात आले की बँकेची कागदपत्रे, निमंत्रणपत्र आणि मुलाखतीची तारीख यांची चौकशी जो तो करतो, पण फोटोचा विषय निघाला की ‘त्यात काय, कोपऱ्यावर काढून घेऊ’ एवढ्यावर बोलणे संपते. मापे आणि नियम त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर आहेतच, तेव्हा ते इथे उतरवून काढू नयेत. ते नियम आपल्याकडच्या स्टुडिओत, आपल्या माणसांच्या चेहऱ्यांना लावताना काय घडले, ते कृपया लिहावे. देश आणि व्हिसाचा प्रकार सांगितल्यास वाचणाऱ्याला उपयोग होईल. सुरुवात मी करतो.

सांगली, अमेरिकेचा पर्यटक व्हिसा

अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौरस फोटो लागतो आणि त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंतचे अंतर २५ ते ३५ मिलिमीटर असावे लागते. स्टुडिओवाल्यांना हे माप पाठ होते, त्यामुळे तिथे काही अडले नाही. अडले ते बाबांच्या चष्म्यापाशी. १ नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही, आणि चाळीस वर्षे जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस तो काढल्याबरोबर डोळे बारीक करून कॅमेरा शोधू लागतो. शेवटी चष्मा काढून त्यांना थोडा वेळ नुसते बसवले, नाकावरचे वळ जाऊ दिले, आणि मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा राहून त्यांच्याशी ऊसदराबद्दल बोलत राहिलो. आवाजाच्या दिशेने त्यांनी पाहिले आणि डोळे नीट उघडे आले.

आईचे कुंकू आणि नाकातली चमकी तशीच ठेवली. त्यावर कोणी काही बोलले नाही. मात्र स्टुडिओतल्या मुलाने संगणकावर तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या आणि गालावरचा तीळ पुसून टाकला होता, तोही न विचारता, केवळ आपुलकीने. अमेरिकेच्या नियमात चेहऱ्यात असा फेरफार चालत नाही, म्हणून मूळ फाइल मागून घेतली. अर्जात टाकायची फाइल चौरस, किमान ६०० बाय ६०० आणि जास्तीत जास्त १२०० बाय १२०० पिक्सेलची, आणि २४० केबीच्या आत असावी लागते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून मागवली तर पिक्सेल वाटेतच कमी होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

कोल्हापूर, स्टुडिओचालक

वरील लेखनातला आपुलकीचा आरोप मान्य आहे, पण त्याची दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. माझ्याकडे येणारे निम्मे गिऱ्हाईक ‘जरा उजळ करा’ म्हणूनच खुर्चीवर बसते, आणि लग्नाच्या बायोडाटासाठी काढलेला, सॉफ्टवेअरमधून कोट चढवलेला फोटो घेऊन ‘ह्याचाच व्हिसासाठी करून द्या’ असे म्हणणारेही काही कमी नाहीत. आम्ही नाही म्हटले की ते पुढच्या दुकानात जातात.

काम नीट करायचे असेल तर चेहऱ्याला संगणकावर हात लावावा लागतच नाही. सगळे प्रकाशात असते. माणूस मागच्या पांढऱ्या पडद्याला टेकून बसला की कानामागे सावली पडते, म्हणून मी खुर्ची पडद्यापासून चार-पाच फूट पुढे ठेवतो, दोन्ही बाजूंनी सारखा मऊ प्रकाश देतो आणि जागा असेल तर पडद्यावर एक वेगळा दिवा सोडतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो. घरी मोबाइलवर काढणारी मंडळी हातभर अंतरावरून काढतात. त्यात नाक मोठे दिसते आणि कान मागे जातात, आणि मग ‘हा माझ्यासारखा दिसतच नाही’ अशी तक्रार येते. पाच-सहा फुटांवरून काढून नंतर कातरले तर चेहरा प्रमाणात राहतो. पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने कापून पांढरी करण्याचा मोह तर अजिबात नको, कारण केसांच्या कडेला जी करवतीसारखी रेघ उमटते ती तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरते. आणि कृपया पांढरा सदरा घालून येऊ नये. पांढऱ्या पडद्यासमोर खांदे नाहीसे होतात.

ब्रॅम्प्टन, कॅनडाचे पीआर कार्ड

इथल्या कायमस्वरूपी रहिवासाच्या कार्डासाठी ५० बाय ७० मिलिमीटरचा उभा फोटो लागतो आणि हनुवटी ते टाळू हे अंतर ३१ ते ३६ मिलिमीटर असते. म्हणजे कागद मोठा, पण चेहरा जवळजवळ शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या) ३५ बाय ४५ च्या फोटोएवढाच. सवयीने छापणारा छायाचित्रकार चेहराही त्या प्रमाणात मोठा करून मोकळा होतो. माझी सासूबाईंसकट सगळ्यांना एकच सूचना असते, की दुकानातून निघण्यापूर्वी पट्टी लावून मोजावे.

दुसरी गोष्ट फोटोच्या मागच्या बाजूची. तिथे स्टुडिओचे नाव, पूर्ण पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लागते. शिक्का चालतो, हाताने लिहिलेले चालते, चिकटवलेले लेबल चालत नाही. सुट्टीत पुण्याला गेले असताना फोटो काढले, तेव्हा शिक्क्याची शाई गुळगुळीत कागदावर वाळायच्या आत दोन्ही प्रती एकावर एक ठेवल्या गेल्या आणि खालच्या प्रतीच्या गालावर पिन कोड उलटा उमटला. त्या काकांनी हसत दुसरी प्रत छापून दिली आणि ती पंख्याखाली सुटी वाळवली.

ठाणे, तान्ह्या बाळाचा अमेरिकेचा एच-४ (तिथे नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा) व्हिसा

बाळाच्या फोटोत दुसरे कोणी दिसता कामा नये, डोळे उघडे हवेत आणि तोंडात चोखणी नको. स्टुडिओत पत्नीला पांढऱ्या चादरीखाली बसवून तिच्या मांडीवर बाळ धरण्याचा बेत होता. फोटोत चादरीला बोटांचे उंचवटे आले. घरी खिडकीजवळ जमिनीवर जाड गोधडी, तिच्यावर ताणून पांढरी चादर आणि वर बाळ, असे केल्यावर जमले. वरून वाकून काढताना आपलीच सावली बाळाच्या तोंडावर पडते, म्हणून खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. फ्लॅश लावला नाही. दूध पिऊन झाल्यावर आणि झोप यायच्या आधीची जी थोडीशी प्रसन्न वेळ असते, तेवढीच आपली. त्या वेळी आजीने वर खुळखुळा धरला होता.

मिरज, शेंगेन व्हिसा

मी रोज हिजाब घालते. धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसावा लागतो आणि कापडाची सावली पडता कामा नये. कपाळावर पुढे आलेली घडी हीच सावली पाडते. ती मागे घेऊन पिन लावली. वर कोल्हापूरच्या दादांनी पांढऱ्या सदऱ्याबद्दल लिहिले आहे, ते स्कार्फलाही लागू आहे. मी गडद निळा निवडला.

स्टुटगार्ट, निवास परवाना

भारतातून निघताना जादा छापून आणलेले फोटो इथल्या निवास परवान्यासाठी आता कामाला येत नाहीत. १ मे २०२५ पासून जर्मनीत ओळखपत्र, पासपोर्ट आणि निवास परवाना यांसाठी डिजिटल फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली. तो कार्यालयातच काढता येतो, नाहीतर नोंदणीकृत छायाचित्रकार थेट सुरक्षित प्रणालीत पाठवतो आणि आपल्या हाती फक्त क्यूआर कोडसारख्या सांकेतिक चौकटीचा कागद येतो. त्यामुळे रिटचिंगचा प्रश्नच उरलेला नाही, हे मला व्यक्तिशः आवडले.

पुणे, अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा

फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण तो तपासला कसा जातो याचा विचार कोणी करत नाही. जुन्या व्हिसावर किंवा पासपोर्टवर तोच फोटो असला, तर तोच कुर्ता आणि तीच बट शेजारी शेजारी दिसते आणि तारीख वेगळी सांगावी लागत नाही. मुलीच्या मैत्रिणीला याच कारणाने नवा फोटो आणायला सांगितले. बोटांचे ठसे देण्याच्या केंद्रात फोटो काढतातच, तेव्हा अर्जातला फोटो कसाही चालेल, असे काही एजंट सांगतात. त्यावर विसंबू नये. मुलीचा फोटो आम्ही अर्ज भरण्याच्या आठवड्यात, पासपोर्टवर नसलेल्या रंगाच्या कपड्यात काढला आणि पाकिटावर पेन्सिलने तारीख घालून ठेवली.