मियोचा पूल खालूनच बघा

दक्षिण फ्रान्सच्या सहलीत मियो शहराजवळचा हा पूल गाडीने ओलांडायचा तुमचा बेत असेलच. जरूर ओलांडा, पण कडेला वारा अडवायचे पडदे आहेत, त्यामुळे वरून फारसं हाती लागत नाही. खरी मजा खाली, तार्न नदीकाठच्या पेर गावातून. घरं कड्याला बिलगलेली, जुनं चर्च तर थेट खडकात, आणि समोर २००४ साली खुला झालेला, ३४३ मीटर उंचीचा पूल! (टोलही वाचतो.)

लार्झाक पठारावरचं ला कूव्हर्तोआरादही चुकवू नका. टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या गढीभोवती वाढलेलं तटबंदीचं गाव. तिथे मेंढ्यांना पाणी पाजायला दगडी फरसबंदीचं गोल तळं आहे. रोकफोर चीज याच मुलखातलं, मेंढीच्याच दुधाचं. उन्हाळ्यात गर्दी उसळते, सकाळी लवकर गाठा.