नुसत्या खडबडीत फरशीने भागत नाही

कुणीतरी म्हटलंय, घरातलं म्हातारं माणूस पडू नये म्हणून न्हाणीघरात खडबडीत फरशी घातली की काळजी मिटली. अर्धीच मिटते. आमचं घर इंदूरला रामबागेत, जुनं. आई ८२ वर्षांची. फरशी बदलली, तरी कमोडवरून उठताना ती टॉवेलच्या दांडीलाच धरायची. दोन स्क्रूंवरची ती दांडी एक दिवस हातात आली. नशीब, मी दाराशी होतो. आता स्टीलचा दांडा विटेच्या भिंतीत बोल्ट ठोकून पक्का बसवलाय.

दुसरं, न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणारं असेल आणि माणूस दाराला टेकून पडला, तर ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी हवी. आईला हे पटेना. "म्हणजे कुणीही आत यावं का?" तिचंही खरंच होतं, म्हणून मधल्या मार्गाने नाण्याने फिरणारी कडी लावली.

खरा वाद झाला घराच्या पुढच्या दाराच्या उंबरठ्यावरून, पाय अडखळू नये म्हणून तो काढायचा की नाही यावर. काढला तर रांगोळी कुठे घालायची, दिवाळीला हळदकुंकू कुठे वाहायचं? तो ठेवला, बाहेरून उतार केला. उतार १ ला १२ धरा: ३ इंच चढायला ३ फूट लांबी. गवंडी हमखास आखूड करतो, टेप घेऊन उभे राहा. आतल्या बाजूला जागा नव्हती. तिथे पिवळी पट्टी मारली आणि चौकटीला धरायला मूठ बसवली.

रात्रीसाठी पलंगाखाली सेन्सरचा दिवा लावलाय. मांजर गेलं तरी पेटतो, तेवढं चालवून घेतो.