छाटीचा व्हिडिओ: आधी ग्रुपवर की आधी फाईलला?

कागदपत्रवाला
सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायांच्या विड्या 'छाट' म्हणजे नापास माल म्हणून बाजूला काढल्या, मजुरी कापली, की कार्यकर्ते व्हिडिओ काढून तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर सोडतात. या घाईनं तक्रारच मरते. तिथून गेलेला फोटो दाबला जातो, कधी-कुठे काढला ही आतली नोंद पुसली जाते. मूळ फाईल फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा, पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश, म्हणजे फाईल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. कापलेल्या, गाणं चिकटवलेल्या रीलची हॅश मूळ फाईलशी जुळणार कशी?

पूर्वभागकर
कोर्टापर्यंत जातंय कोण? माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, पण उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, आणखी 30 ते 45 दिवस. तोवर ती छाट राहते का जागेवर? व्हिडिओ फिरला की निदान कुणाचा तरी फोन येतो.

चष्मा पुसून
फोन येतो खरा, पण त्या बाईलाही येतो. तोंड झाकलं म्हणजे ओळख झाकली असं होत नाही. आवाज, दारावरचा घरनंबर, पासबुकावरचं नाव, यातलं एक दिसलं तरी दुसऱ्या दिवशी विड्या वळायला पान-तंबाखू मिळायची पंचाईत. अ‍ॅपमधलं स्टिकर तर फारच फसवं: मान हलली की ते मागे राहतं आणि दोन-तीन फ्रेममध्ये चेहरा उघडा पडतो. त्यापेक्षा फक्त हात, सूप आणि बाजूला काढलेला ढीग घ्या, आधी लांबून, मग जवळून, प्रत्येकी 10 सेकंद हात न हलवता. विड्या वळायला बसलेलं पोर फ्रेममध्ये आलं तर तो भाग वापरूच नका. अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 आहे.

पूर्वभागकर
हे पटलं. पण आवाज काढून टाकला तर उरतं काय? बाया तेलुगूत बोलतात, अ‍ॅपच्या आपोआप येणाऱ्या सबटायटलच्या ओळींवर भरवसा नाही. 'वंद' म्हणजे शंभर, 'वेय्यि' म्हणजे हजार. इथे मजुरी हजारावर मोजतात, एवढा एक शब्द चुकला की सगळा हिशेब दहापट हलतो.

कागदपत्रवाला
आणि समोरचा नेमकी तेवढीच चूक धरून बसतो! मराठी ओळी हातानं लिहा, तेलुगू जाणणाऱ्या दुसऱ्याकडून तपासून घ्या. चुकीची क्लिप एकदा सुटली की दुरुस्ती तिच्या मागे धावत नाही. 'अनेक वेळा फॉरवर्ड' शिक्का बसला तरी ती एकेका चॅटला जातच राहते. म्हणून तक्रारीचा आवक क्रमांक हातात नसलेली क्लिप ग्रुपवर नको, या मतावर मी ठाम.

पूर्वभागकर
आणि रविवारी घडलं तर? आवक-जावक बंद, कोर्ट फी स्टॅम्पही मिळत नाही.

चष्मा पुसून
तक्रार ई-मेलनं करा, तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. स्टॅम्प माहिती अधिकाराला लागतो, तक्रारीला नाही. या दोन्हींची गल्लत नको. तो अर्ज राज्याच्या पोर्टलवर ऑनलाईनही होतो, फक्त यादीत आपलं कार्यालय आहे का ते आधी बघा. एक विषय, 150 शब्द. 'का कापली?' असं विचारू नका, 'तपासणी अहवालाची प्रत द्या' असं मागा.