न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरचा शेतकरी बाजार: आईबाबांना नेऊ का?

जर्सीकर: आईबाबा निफाडहून आलेत. बाबांची द्राक्षबाग आहे, मॉलमध्ये जीव रमत नाही त्यांचा. या शनिवारी युनियन स्क्वेअरला न्यावं म्हणतोय. भाव कसे असतात? शाकाहारी खायला काय?

पोळीभाजी: न्याच! १९७६ पासून भरतोय हा बाजार. सोम, बुध, शुक्र, शनि. न्यू जर्सीहून पाथ ट्रेननं १४व्या रस्त्याला उतरा, पुढे चालत. शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेलंच विकायचं असा नियम आहे, अडत्या-दलाल नाही. त्यामुळे इथे न पिकणारे लिंबू, केळी, आंबे शोधू नका. सध्या कॉनकॉर्ड द्राक्षं असतील. काळीनिळी, वास लांबूनच येतो, साल सुटी होते आणि आत बिया. बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेले बाबा आधी नाक मुरडतील, मग त्या शेतकऱ्याला छाटणीचं विचारत बसतील. दुभाषा तुम्ही! भाव न्यू जर्सीतल्या एडिसनच्या देशी दुकानापेक्षा चढेच. घासाघीस चालत नाही, हे आईंना घरीच सांगून ठेवा. खायला पाव, चीज, सफरचंदाचं सायडर. सायडर डोनटमध्ये बहुतेक अंडं असतं, विचारून घ्या.

मेथीजुडी: उन्हाळ्यात तिथे घोळ मिळते, पर्सलेन म्हणून. कधी चाकवतही. किंमत ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, बांधावर फुकट उगवते ही!"

जर्सीकर: आणि गरम जेवण?

पोळीभाजी: त्यासाठी ब्रुकलिनचा स्मॉर्गसबर्ग हा खाऊबाजार. शनिवारी विल्यम्सबर्गला नदीकाठी स्टॉल लागतात, सगळे छोटे विक्रेते. तिकडे जाणारी 'एल' सबवे ट्रेन युनियन स्क्वेअरहूनच मिळते. बाबांचे गुडघे कसे आहेत? तिथे बसायला सावली कमी.